कुऱ्हाडीला ग्राइंडर लावणं बंद करा, कानस हातात घ्या

बांधावरचा (माढा)

मत ठाम आहे, म्हणून आधीच सांगतो. कुऱ्हाड, कोयता, विळा ही हत्यारं दुकानातल्या कोरड्या ग्राइंडरवर देऊ नका. एक कानस, एक दगड आणि पाण्याचा तांब्या एवढ्यात घरच्या घरी धार लागते, आणि चांगली लागते.

मागच्या उन्हाळ्यात बांधावरची वेडी बाभूळ काढायला घेतली. कुऱ्हाड आजोबांची, ट्रकच्या पाट्यापासून गावच्या लोहारानं घडवलेली. धार गेली होती म्हणून तालुक्याच्या एका दुकानात दिली. दोन मिनिटांत ठिणग्यांचा पाऊस पडला आणि धार चकाचक होऊन हातात आली. मीही खूश झालो. घरी येऊन पाहिलं तर धारेलगत बोटभर रुंद निळा-जांभळा पट्टा. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. सकाळी कामाला लागलो, दुपारपर्यंत धार वळली. पुन्हा दुकान, पुन्हा निळा पट्टा. तिसऱ्या खेपेला पातं अर्धा बोट झिजलं होतं आणि बाभूळ अजून उभीच होती.

नंतर समजलं ते असं. लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा बेतानं तापवून थोडं नरम करतात. साधारण 220–230 अंश सेल्सिअसला गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग येतो, 300 च्या आसपास निळा. धार निळी झाली म्हणजे तिथलं पोलाद हवं त्यापेक्षा जास्त नरम पडलं. धारेची कड कागदासारखी पातळ असते, ती डोळ्यादेखत तापते. मागचं जाड पातं हाताला कोमट लागत असतं आणि पुढं सगळं बिघडलेलं असतं.

आता मी असं करतो. कुऱ्हाड ओंडक्यावर ठेवून पाचरीनं घट्ट आवळतो. दहा इंची, एकेरी दाताची कानस. धारेवर स्केच पेननं काळी रेघ मारतो, म्हणजे कानस नेमकी कुठं लागतेय ते दिसतं. कानस पुढं ढकलतानाच दाब, मागं आणताना उचलायची. एका बाजूनं पंधरा-वीस हात मारले की पलीकडच्या बाजूला बोटाला खरखर लागते. ती धारेच्या सगळ्या लांबीवर लागली की बाजू बदलायची. शेवटी ओल्या दगडावर गोल गोल फिरवून ती खरखर काढून टाकायची. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, आता पंधरा मिनिटं लागतात. तीच कुऱ्हाड आता दोन दिवस चालते.

वखारवाला

दादा, तुमचं नुकसान झालं ते खरं, पण खापर चुकीच्या माणसावर फोडताय. ग्राइंडर वाईट नाही, चालवणाऱ्याचा हात वाईट होता.

माझ्या वखारीत चौदा कुऱ्हाडी आहेत. तुमच्या हिशोबानं एकीला पंधरा मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. रोज साडेतीन तास कानस घासायला माणूस बसवू की लाकूड फोडू? आम्ही गेली वीस वर्षं ग्राइंडरवरच धार लावतो. शेजारी पाण्याची बादली, एकदा फिरवलं की बुडवायचं. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात गेलं पाहिजे, एवढाच नियम. चाक गुळगुळीत झालं की ते कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. म्हणून ड्रेसरनं, म्हणजे चाक खरवडायच्या अवजारानं, चाकाचं तोंड उघडून घ्यायचं. दुकानदार ते करत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक उरकायचं असतं.

दुसरं, फोडायच्या कुऱ्हाडीला एवढी नाजूक धार लागतच नाही. ती लाकूड कापत नाही, चिरत जाते. दोन्ही बाजू मिळून 40 अंशांची जाड धार असली तरी चालतं. पातळ केली तर गाठीत अडकते आणि खांड पडते.

बांधावरचा (माढा)

वखारवाले काका, फोडायच्या कुऱ्हाडीबद्दलचं मान्य. मी बोलतोय ते तोडायच्या कुऱ्हाडीबद्दल. तिला 30 अंशांच्या जवळपास धार लागते आणि तिथं एक चटका महागात पडतो. तुमच्याकडे वीस वर्षांचा हात आहे. गावातल्या पोरानं तुमचं ऐकून ग्राइंडर आणला तर पहिल्या दहा कुऱ्हाडी तो जाळणार. कानशीनं चूक झाली तर फार तर धार वाकडी होते, पोलाद बिघडत नाही. शिकणाऱ्यासाठी कुठलं साधन सांगायचं, हा माझा मुद्दा आहे.

आणि निळा डाग पॉलिश पेपरनं घासून काढला की झालं, असं समजणारे खूप आहेत. रंग वरचा असतो, तो निघतो. नरमपणा आतपर्यंत गेलेला असतो, तो तसाच राहतो.

फिटर, आयटीआय

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली. ग्राइंडर म्हणजे कुठला? बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण 2,850 फेरे फिरतो. सहा इंची चाक धरलं तर कडेचा वेग सेकंदाला 22 मीटरच्या आसपास येतो. हातातला चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या घरात, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला 57 मीटर. गावोगाव आता दुसराच वापरतात आणि धार जळण्याचं मोठं कारण तेच. त्यातही कटिंगच्या पातळ चकतीच्या बाजूनं धार घासणारे मी पाहिलेत. ती चकती फक्त कडेनं कापायला बनवलेली असते, बाजूनं दाब दिला की फुटते. तुकडा तोंडावर येतो. कृपा करून हे कुणीही करू नका. अँगल ग्राइंडरच हातात असेल तर फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा, गार्ड काढू नका, डोळ्यांवर चष्मा हवाच.

माझं मत कानशीच्या बाजूनं आहे, पण कानशीलाही मर्यादा आहे. कानस रॉकवेल या कडकपणाच्या मापात 62–65 भरते, चांगली कुऱ्हाड 50–55. म्हणून कानस कुऱ्हाडीला कापते. लोहारानं पाणी देऊन नंतर नरम केलंच नसेल तर कानस धारेवरून नुसती घसरते, किर्र आवाज येतो. अशा वेळी जोर लावू नका, कानशीचे दात जातात. तिथं दगडच लागतो. कानशीला आधी खडू घासा, म्हणजे दातांत लोखंडाचा कीस अडकत नाही. आणि पेटीत कानशी एकमेकींवर टाकू नका. महागडी कानस वर्षभरात मरते ती बहुतेक पेटीतच.

दगडाविषयी थोडं. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. त्यात क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण जवळजवळ नसतात, म्हणून तो लवकर गुळगुळीत होतो. उंबऱ्यावर विळा घासलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. नरम लोखंडाच्या विळ्याला तेवढं पुरायचं, पाट्याच्या पोलादाला पुरत नाही. बाजारात एक बाजू जाड आणि एक बारीक असा काळा-करडा दगड मिळतो, तो कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. तो घ्या. जुनी माणसं ज्याला कुरुंद म्हणत तो दगड वेगळा. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळ ‘कुरुंदम’वरून गेलाय, आणि संस्कृतातला ‘कुरुविंद’ त्याच घरातला. धार लावायच्या या खनिजाचं नाव आपल्या देशातून जगात गेलं, याचा मला अभिमान वाटतो.

ऐरण

मी लोहाराच्या घरातला. वडील गेले, भाता मी चालवतो. तुम्ही सगळे धारेच्या शेवटच्या दोन सुतांवर भांडताय, बाकी पात्याकडं कुणी बघंना.

कुऱ्हाड कानशीनं घासा नाहीतर ग्राइंडरनं, पोलाद जातंच. दरवर्षी धार मागं सरकते आणि पातं तर पाचरीसारखं हाय, मागं जाड. पाच वर्षांनी तुमची धार जाड भागात आलेली असते. मग कितीबी घासा, कागद कापंल पण लाकडात शिरायची न्हाई. गाल, म्हणजे धारेमागच्या दोन्ही बाजू, जाड झाले की कुऱ्हाड उडती. त्याला उपाय एकच, शेवटून घेणं. लाल करायचं, ऐरणीवर धार पुढं ओढायची, गाल पातळ करायचे, पुन्हा पाणी द्यायचं.

पाणी देणं कसं ते सांगतो, कारण वर दादांनी अर्धंच सांगितलं. आमच्यात सगळी कुऱ्हाड बुडवत न्हाईत. लाल झाली की धारेचा दोन बोटं पट्टा तेवढा बुडवायचा आणि बाहेर काढायचा. दगडानं धार पटकन घासून उजळ करायची. मागच्या पोटात उष्णता शिल्लक असती, ती हळूहळू धारेकडं चालत येते. उजळ धारेवर रंग दिसाय लागतो, आधी फिकट पिवळा, मग गडद. पाहिजे तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. हे सावलीत करायचं, उन्हात रंग दिसत न्हाई. माझे वडील बाभूळ तोडायची कुऱ्हाड अन् लिंब तोडायची कुऱ्हाड याला वेगळा रंग धरायचे.

ग्राइंडरवर जळलेली कुऱ्हाडबी अशीच पुन्हा जिवंत होते. दादांनी आजोबांची कुऱ्हाड अर्धा बोट झिजवली, ती लोहाराकडं आणली असती तर एका दिवसाचं काम होतं. पण आता लोहाराकडं येतंय कोण? नवी पंजाबी कुऱ्हाड घेतात, गेली की फेकतात. माझ्या मुलाला हे काम शिकवू का नको, हा प्रश्न मला रोज पडतो.

डाळिंबवाली, सांगोला

तुमची कुऱ्हाड बाजूला ठेवून एक बोलू का? ‘कानस हातात घ्या’ हे वाचून कुणी सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, कानस लावली तर सिकेटर गेलंच म्हणून समजा. माझ्या दिरांनी नेमकं तेच केलं होतं.

सिकेटरच्या पात्याला एकाच बाजूला उतार असतो, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते, मग फांदी कापत नाही, चेंबते. चेंबलेली जखम भरायला वेळ लागतो आणि तेल्या या डाळिंबाच्या रोगाच्या जिवाणूला तेवढंच पाहिजे असतं. आमच्या भागात तेल्यानं बागाच्या बागा काढाव्या लागल्यात, त्यामुळे मी धारेकडं रोगाच्या नजरेनं बघते. मी बोटाएवढी डायमंड प्लेट खिशात ठेवते. फक्त उताराच्या बाजूनं, कारखान्यानं दिलेल्या कोनातच, सात-आठ हात. सपाट बाजू एकदाच हलकी पुसल्यासारखी, खरखर काढण्यापुरती. दोन मिनिटांचं काम, आणि मी ते दिवसातून तीनदा करते.

अजून एक. झाड बदललं की सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा, हे आम्हाला सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या लोकांनी शिकवलं. बरोबरच आहे ते. पण त्या पाण्यानं पातं गंजतं, आणि धार जाते ती निम्मी गंजानं. म्हणून संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन, कोरडं करून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. इथं सगळे धार लावण्याबद्दल बोलताय, धार राखण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

उसाच्या फडातला

ताईंशी सहमत. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, एवढं त्या हत्याराचं महत्त्व. दगड कमरेलाच असतो. पहाटे एकदा, मग मोळ्या बांधताना एकदा. ऊस जमिनीलगत तोडायचा, बुडख्यात साखर जास्त. बोथट कोयत्यानं बुडखा फाटतो आणि शेतकऱ्याचा खोडवा (त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक) नीट फुटत नाही. फडात कुठला ग्राइंडर आणि कुठली लाईट?

वखारवाला

ताईंचं आणि फडातल्या भावांचं पटलं, पण माझ्या वखारीला ते लागू नाही. खिशातल्या प्लेटनं चौदा कुऱ्हाडी होत नाहीत. मी ग्राइंडर सोडणार नाही. मात्र लोहारदादांचं गालाचं बोलणं डोक्यात बसलं. आज सगळ्या कुऱ्हाडी काढून बघितल्या. नऊ कुऱ्हाडींची धार जाड भागात आलेली आहे. गडी म्हणत होते, ‘मालक, कुऱ्हाड उडते’, आणि मी प्रत्येक वेळी ती पुन्हा ग्राइंडरवर धरत होतो. त्यांच्या खांद्यांवर ते ओझं मी टाकलं, हे मला लागलंय.

बांधावरचा (माढा)

काका, हे तुम्ही उघडपणे लिहिलंत, त्याबद्दल मान आहे. शीर्षकातल्या माझ्या मतावर मी कायम आहे, फक्त सिकेटर त्यातून वगळतो. ताई, ते माझ्याकडून राहिलं होतं.

ऐरणवाले दादा, आजोबांची कुऱ्हाड अजून आहे माझ्याकडं. झिजून लहान झालीय, नेढ्यापासून (दांड्याच्या भोकापासून) धारेपर्यंत जेमतेम चार बोटं. एवढीची शेवटून होईल का?

ऐरण

चार बोटं पुष्कळ झाली. दोन बोटांवर आलेलीबी वडिलांनी ओढून दिलेली मी बघितलीय. काकांच्या नऊपण आणा. येताना दांडे काढून आणा, नेढं तापलं की दांडा जळतो. आणि धार घासून आणू नका, जेवढं पोलाद शिल्लक हाय तेवढं मला लागणार.