मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाच्या वयात येण्यावरची कादंबरी
माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. नागपूर स्टेशनवरच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ. कुकरची शिट्टी झाली की मात्र दोन्ही कान गच्च दाबतो. मराठी भरपूर वाचतो. आता मिसरूड फुटतंय, वर्गातली एक मुलगी आवडते, आणि तो विचारतो, "मामा, माझ्यासारखा हिरो कुठल्या पुस्तकात आहे?"

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मला मिळाली ती सगळी पालकांसाठीची पुस्तकं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमसोबत डिस्लेक्सियाही (वाचण्या-लिहिण्यात अडचण येणं) आहे, डिस्लेक्सिया असलेला नायक असला तरी चालेल. फक्त शेवटी तो 'बरा' होणारा नको. गोष्ट त्याच्याच तोंडून असेल तर फारच छान. अनुवादही चालेल. कोणी वाचली असेल तर नाव आणि प्रकाशक सांगा ना.