सीनाकाठी रेडीमेड पॅनेलचं घर : जुन्या जोत्यावर चालेल का?

सीनाकाठ
२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीकाठच्या आमच्या गावातली बरीच मातीची घरं बसली. घरकुलाच्या १ लाख २० हजारांत थोडी भर घालून २५ चौरस मीटरचं पॅनेलचं घर उभारायचं आहे. पत्र्याचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम) घ्यावं की ७५ मिमीचं सिमेंट-थर्माकोलचं? जमीन काळी आहे, मुरूम दहा-बारा फुटांवर लागतो. जुनं जोतं शाबूत दिसतंय.

मुरूमवाला
पॅनेलचं नंतर बघू, आधी पूररेषा काढून घ्या. जागा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात असेल, तर तिथं काहीच बांधू नका. निळ्या आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मधे असेल, तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट तरी वर घ्या.

जुन्या जोत्यावर नकोच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीनं पॅनेलचा सांधा उघडतो आणि पाणी तिथूनच शिरतं. अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब घ्या : ३०० मिमी व्यास, साडेतीन मीटर खोली, तळाला ७५० मिमीचा फुगवटा. एवढ्या घराला आठ-नऊ पुरतात, नेमका आकडा इंजिनिअरकडून ठरवून घ्या. प्लिंथ बीमच्या (पाइलांवरच्या, जोत्याच्या काँक्रीट तुळईच्या) खाली ८० मिमी पोकळी ठेवा. गवंडी ती हमखास भरून टाकतात, मग फुगलेली माती बीमच उचलते. त्या वेळी तिथं स्वतः उभे राहा. जोत्यात भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमसलेले. उकरलेली काळी माती परत आत जाता कामा नये.

पॅनेलजोड
सिमेंट-थर्माकोलचं घ्या. आठ बाय दोन फुटांचं एक पॅनेल ७०-७५ किलोचं असतं, चौघं उचलतात. पावसात काळ्या मातीच्या वाटेवर क्रेन रुतते, म्हणून हे महत्त्वाचं. छपराचा भार मात्र स्टीलच्या चौकटीवरच घ्या, पॅनेलवर नको. चौकट पायाला धरून ठेवणारे अँकर बोल्ट काँक्रीट ओतण्याआधी फर्मा लावून पक्के करा. ते सरकले की बेसप्लेटची (स्टीलच्या खांबाच्या बुडाच्या प्लेटची) भोकं गॅसनं मोठी करतात आणि पकडच जाते. पॅनेल सरळ फरशीवर टेकवलं तर बुडातून ओल चढते, खाली दीडशे मिमीची काँक्रीटची पट्टी घ्या. सांध्यात पॉलिमर मॉर्टर आणि वरून जाळीची पट्टी. नुसती पुट्टी पहिल्याच उन्हाळ्यात फाटते.

सीनाकाठ
चूल आतच राहणार, दादा. चालेल ना?

पॅनेलजोड
पफला चूल अजिबात नको, आतला फोम पेट घेतो. सिमेंटच्या पॅनेललाही चूल चिकटवू नका, मागं विटांची आडभिंत घ्या आणि धुराडं काढा.

मुरूमवाला
छपराला नुसता पत्रा नको, मे महिन्यात आत बसवणार नाही. ५० मिमीचा इन्सुलेटेड पत्रा घ्या. वळवाचा वारा कडेपासून पत्रा उचलतो, म्हणून पागोळीला आणि आढ्याला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर रबर वॉशरचा स्क्रू मारा.

आणि मागाहून दगड-मातीची खोली जोडू नका. २०१६ च्या भूकंप-नकाशात सोलापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये होतं. १९९३ ला किल्लारीकडं माणसं दबली ती जाड दगडी भिंती आणि माळवदाखालीच (मातीच्या जड छताखाली). पुढं खोली वाढवायची असेल तर मागच्या बीममध्ये आत्ताच जोडणीसाठी लोखंडी प्लेटा गाडून ठेवा.