मदत हवी आहे: मिस्टरांना बेडवरून व्हीलचेअरवर नेता येतं, पण परत बेडवर आणताना फार त्रास होतो

नमस्कार. मिस्टरांना पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. उजवा हात अजून लुळाच आहे, पाय थोडा भार घेतो पण गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. समजतं सगळं, बोलताना शब्द अडकतात. त्यांचं वजन ७८ किलो, माझं ५२, आणि माझं वय ६१. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

दिवसातून सहा-सात वेळा बेडवरून व्हीलचेअर, तिथून कमोड, परत बेड असं चालू असतं. डिस्चार्जच्या वेळी एकदा दाखवलं होतं पण तेव्हा मी इतकी घाबरलेली होते की डोक्यात काहीच शिरलं नाही. आता मी करते काय, तर हे काठावर बसले की समोर उभी राहते, त्यांचा डावा हात माझ्या मानेभोवती घेते आणि दोन्ही बगलांत हात घालून जोर लावून उचलते.

तर जाताना जमतं, बरं जमतं. येताना मात्र रोज कुस्ती. परवा अर्ध्यातच गुडघा वाकला, मी कसंबसं बेडवर ढकललं, अर्धे आत अर्धे बाहेर, आणि दहा मिनिटं आम्ही तसेच. आधी माझ्यावर चिडले, मग रडायला लागले. माझी कंबर तेव्हापासून धरली आहे. मला वाटलं खुर्चीत बसून दमत असतील, म्हणून बसायचा वेळ कमी करून बघितला, काही फरक नाही. उजवा खांदाही दुखतो म्हणतात. एखादा पट्टा वगैरे मिळतो का? की सरळ ते उचलायचं मशीनच घ्यावं लागेल?

प्रतिसाद १
ताई, मी बायकोचं चार वर्षं केलं म्हणून विचारतो. परत आणताना व्हीलचेअर कुठे लावता?

धागाकर्ती
लावायची कशाला, असते तिथेच. म्हणजे बेडवर बसल्यावर त्यांच्या डाव्या हाताला. कमोडवरून आलो की परत त्याच जागी, त्याच तोंडाने.

प्रतिसाद १
मग सापडलं. बेडवरून जाताना खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे चांगल्या बाजूला, म्हणून जमतंय. पण खुर्चीत बसले की तोंड फिरलं ना, आता बेड आला त्यांच्या उजवीकडे. म्हणजे येताना तुम्ही त्यांना लुळ्या बाजूवर वळायला लावताय. आम्हीही दोन महिने हाच घोळ घातला होता, आणि मी बायकोलाच म्हणायचो की तू मुद्दाम अंग सोडतेस, आज आठवलं की लाज वाटते. परत येताना खुर्ची उलट्या तोंडाने आणा, बेड त्यांच्या डाव्या हाताला आला पाहिजे. खोलीत जागा नसेल तर बेड भिंतीपासून ओढा, कपाट हलवा, काहीही करा पण ते जमवाच.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे. वरचं अगदी बरोबर, फक्त थोडी भर घालते. सगळ्यात आधी मानेभोवती हात आणि बगलेतून उचलणं आजपासून बंद. पॅरालिसिसमध्ये खांद्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात, तिथून ओढलं की सांधा जागेवरून सरकू शकतो, खांदा त्यामुळेही दुखत असेल, डॉक्टरांना दाखवाच. आणि मानेला धरलेला माणूस घसरला तर तुमची मानही जाते.

दुसरं, तुम्हाला त्यांना उचलायचंच नाहीये. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणारी निऑश ही संस्था सांगते की पेशंटला हाताने उचलताना ३५ पाउंडांच्या वर, म्हणजे साधारण १६ किलोच्या वर भार घेऊ नये. तुमच्या समोर ७८ किलो आहेत. म्हणजे उठायचं त्यांनी, तुम्ही फक्त वळवायचं आणि तोल सांभाळायचा.

उठवताना घाई नको. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, चक्कर येत नाही ना विचारा, बीपी एकदम उतरतं कधीकधी. पायात न घसरणारे बूट, नुसते मोजे अजिबात नको. खुर्ची बेडला तिरकी, साधारण ३० ते ४५ अंशांत, ब्रेक लावलेले, फूटरेस्ट बाजूला, बेडकडचा खुर्चीचा हात निघत असेल तर काढलेला. बेड आणि सीट एका उंचीला असतील तर निम्मं काम तिथेच होतं. मग त्यांना काठापर्यंत पुढे सरकवा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, आणि पुढे वाका म्हणायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. बहुतेक लोक पेशंटला सरळ वर ओढतात आणि तो मागे रेलतो, मग दोघं एकमेकांशी भांडत बसतात. तुमचे गुडघे त्यांच्या उजव्या गुडघ्याला समोरून टेकवून ठेवा म्हणजे तो वाकणार नाही. डावा हात तुमच्या मानेला नको, खुर्चीच्या पलीकडच्या हातावर. वळताना कंबर पिळू नका, छोटी पावलं टाकत स्वतःच वळा.

पट्टा मिळतो, ट्रान्सफर बेल्ट म्हणतात. कपड्यावरून कमरेला, दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटात फीडिंगची नळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पाय अजिबात भारच घेत नसेल त्या दिवशी उभं करायच्या फंदात पडू नका, तेव्हा मशीन किंवा दोन माणसं.

अजून एक, उठताना एक-दोन-तीन हे आकडे त्यांनाच म्हणू द्या. शब्द अडकणाऱ्या बऱ्याच पेशंटना मोजणं मात्र जमतं, आणि कधी उठायचं हे त्यांच्या हातात राहतं. आणि जवळच्या फिजिओला एकदा घरी बोलवून तुमचं बघून घ्या, माझं वाचून सगळं जमेल असं नाही.

प्रतिसाद १
आणि पडायलाच लागले तर अडवू नका हो. बेल्ट धरून आपल्या अंगावरून हळूच जमिनीवर बसवा, लगेच उचलायची घाई नको. डोकं आपटलं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल.

धागाकर्ती
तीन दिवस करून बघितलं. कपाट हललं, खुर्ची उलटी लावली आणि पहिल्यांदा हे माझ्यावर न पडता बसले. "एक दोन तीन" इतकं खणखणीत म्हणतात की मी दचकलेच, पाच महिन्यांत इतका स्वच्छ आवाज ऐकला नव्हता. कालपासून मी तयार नसताना मोजायला लागतात, ते वेगळंच. बेल्ट मागवलाय, फिजिओ उद्या येणार आहेत. पण बाथरूममध्ये खुर्ची उलटी करायला जागाच नाही, तिथे काय करायचं?

प्रतिसाद २
तिथे बदलाबदली करूच नका. चाकांची कमोड चेअर घ्या, मधे भोक असलेली. बेडवरूनच तिच्यावर बसवायचं आणि खुर्चीसकट कमोडवर सरकवायचं. आधी बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा आणि कमोडची उंची, मगच घ्या. आणि आतमध्ये टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती माणसाचं वजन पेलत नाही, भिंतीत पक्का बसवलेला बार डाव्या हाताला हवा.