संगणक थेट बोर्डावरून बंद करणं: धोका की जुनी भीती?

बोरकूट:
आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रोज संध्याकाळी एक तंटा ठरलेला. सेक्रेटरी काका निघताना शटडाउनच्या भानगडीत पडत नाहीत, थेट भिंतीवरचं बटण बंद. खजिनदार वहिनी ओरडतात, "अहो, मशीन जाईल!" मी काकांच्या बाजूने. ही भीती विंडोज ९५-९८ च्या काळातली आहे. तेव्हा फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, फॅट नावाची होती, लाइट गेली की पुढच्या वेळी डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क सुरू व्हायचं, आणि 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची केशरी अक्षरं आल्याशिवाय बटणाला हात लावायची सोय नव्हती. आता एनटीएफएस ही नवी पद्धत आहे, तिला जर्नल आहे, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवायची सोय. वीज गेली तरी ती सावरून घेते. भारनियमनाच्या काळात गावोगावच्या सायबर कॅफेत रोज लाइट जायची. सगळी मशीनं मेली का?

सर्किटवाला:
नाही मेली. पण माझ्या दुकानात 'मशीन मेलं' म्हणून गिऱ्हाईक क्वचित येतं. येतं ते 'विंडोज उघडत नाही' किंवा 'फाइल उघडत नाही' म्हणून. जर्नलवर लोकांचा भलताच भरवसा आहे. एनटीएफएसचं जर्नल सांभाळतं ती फाइलींची नोंदवही: नाव काय, आकार किती, डिस्कवर कुठे आहे. आतल्या मजकुराची हमी ते देत नाही. तुम्ही 'सेव्ह' म्हणता तेव्हा मजकूर बहुतेक वेळा आधी रॅममध्ये थांबतो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर, आणि उघडून बघावं तर आत नुसती शून्यं. अशा फाइलीत परत आणण्यासारखं काही उरत नाही.

खडूस_वाचक:
ही सवड असते काही सेकंदांची! काका सेव्ह करतात, खिडक्या लावतात, मग बटण. आणि 'डिस्कवर ओरखडे पडतात' हेही एकदाचं थांबवा. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हेड, म्हणजे तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग, बाजूला न्यायला 'पार्क' कमांड द्यावी लागायची. आताच्या हार्ड डिस्कला वीज तुटली की फिरत्या तबकडीच्याच गतीतून तेवढी वीज मिळते आणि हेड सुरक्षित जागी जातं.

सर्किटवाला:
जातं, पण झटक्याने जातं. उत्पादक हेडच्या रोजच्या उचल-ठेवीचा आकडा लाखांत देतात, अशा आणीबाणीच्या माघारीचा त्याहून कितीतरी कमी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या 'स्मार्ट'च्या तक्त्यात बऱ्याच डिस्कवर १९२ नंबरला ही माघार मोजलेली असते, काकांच्या मशीनवर बघा. आणि खिडक्या लावेपर्यंत विंडोज गप्प बसतं असं कोणी सांगितलं? अपडेट, अँटिव्हायरस, रजिस्ट्री, काही ना काही लिहिणं चालूच असतं. अपडेट अर्ध्यावर असताना बोर्ड बंद झाला तर वहिनींचं खरं ठरायला वेळ लागणार नाही.

रात्रपाळी:
एसएसडीचं, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचं, कोणीच बोललं नाही. तिथे तबकडी नाही, पण कुठला मजकूर कुठल्या चिपमध्ये आहे याचा तक्ता ड्राइव्ह स्वतः ठेवतो, आणि तो सतत बदलत असतो. २०१३ च्या 'यूझनिक्स फास्ट' या साठवण-तंत्रावरच्या परिषदेत एक अभ्यास आला होता: लिहिणं चालू असताना मुद्दाम वीज तोडली, तर १५ पैकी १३ एसएसडींत काही ना काही गडबड निघाली. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात. हातातलं काम संपवण्यापुरती वीज त्यांच्यातून मिळते. घरगुती ड्राइव्हमध्ये सहसा नसतात.

बोरकूट:
२०१३! आणि तेही प्रयोगशाळेत, पुन्हा पुन्हा वीज तोडून. आमच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या निघतात हो.

तळटीप:
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शटडाउन म्हटलं की प्रोग्राम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा डिस्कवर फाइल करून झोपवला जातो. म्हणजे स्क्रीन काळी झाली तरी आत लिहिणं चालू असू शकतं. 'मी रीतसर शटडाउन करतो' म्हणणारे कित्येक जण स्क्रीन काळी होताच बोर्ड बंद करतात. त्यांच्यात आणि काकांत मला फारसा फरक दिसत नाही. कॅबिनेटवरचा दिवा विझू द्या, मग खुशाल बोर्ड बंद करा. काकांना माउसचा कंटाळा असेल तर कॅबिनेटचंच बटण एकदा दाबून सोडावं. डेस्कटॉपवर सेटिंग बदललेलं नसेल तर तेही रीतसर शटडाउनच आहे. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मात्र वीज तोडल्यासारखंच.

खडूस_वाचक:
आणि मशीन हँग झालं तर? माउस हलत नाही, कीबोर्ड मेलेला. तेव्हा दाबून धरण्याखेरीज दुसरं काय करणार?

तळटीप:
काहीच नाही. फक्त आधी डिस्कचा दिवा बघायचा. लुकलुकत असेल तर थोडं थांबायचं.

सर्किटवाला:
बोरकूट, त्या पावत्या आहेत कुठे? पेन ड्राइव्हवर असतील तर तो बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट असणार. तिथे तुमचं लाडकं जर्नलही नाही.

बोरकूट:
विचारलं. पेन ड्राइव्हवरच आहेत, आणि तो कायम मशीनलाच लावलेला असतो. तरी मत बदललेलं नाही. फक्त एक कॉपी वहिनींच्या लॅपटॉपवर घ्यायला सांगतोय.