साळगावकरांनाही विसरू नका

गोव्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की डेंपो क्लबच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांबद्दल छान लिहिलं जातं, पण आम्हा बांदा-सावंतवाडीकडच्या मंडळींचा जीव गोव्याच्याच साळगावकर क्लबवर. राष्ट्रीय फुटबॉल लीगचं विजेतेपद गोव्यात पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच, १९९८-९९ मध्ये, शब्बीर अली प्रशिक्षक असताना. त्याआधी १९८८ चा फेडरेशन चषक ही देशपातळीवरची स्पर्धाही जिंकणारा गोव्यातला पहिला क्लब त्यांचाच. डेंपोचं राज्य नंतरचं (हे म्हटलं की डेंपोवाले लगेच चषक मोजायला बसतात!).

आमचे काका मात्र ब्रह्मानंद संखवाळकरांच्या पुढे कुणाला गोलकीपर मानायचेच नाहीत. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सामना असला की टेम्पोत दाटीवाटीने निघायचो. जाताना चर्चा खेळाडूंची, येताना शिव्या रेफरीला.

२०१०-११ ची आय-लीग (राष्ट्रीय लीगचंच पुढचं रूप) साळगावकरने जिंकली आणि २०१६ मध्ये साळगावकर, डेंपो, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) आय-लीगच्या वर बसवण्याचा भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आराखडा त्यांना पटला नव्हता. माझ्या मते बरोबरच होतं त्यांचं. आता मुलगा आयएसएलमधल्या एफसी गोवाची जर्सी घालून फिरतो. खेळ चांगला असतो, नाही म्हणत नाही. पण गोव्याचेच दोन क्लब एकमेकांना भिडले की स्टँडमध्ये जी जुंपायची, ती गंमत त्यात नाही.