जुन्या डिस्कव्हरीचे एअर सस्पेन्शन काढून कॉइल बसवणे ही दुरुस्ती आहे की नुकसान?

रामबागकर (चर्चेचा मुद्दा)

गेल्या वर्षभरात इंदुरातल्या माझ्या ओळखीच्या तिघांनी जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरी घेतल्या आणि तिघांनाही गॅरेजवाल्यांकडून एकच सल्ला मिळाला : एअर सस्पेन्शन (गाडीचे वजन हवेवर पेलणारी यंत्रणा) काढून टाका, साध्या कॉइल स्प्रिंग बसवा, म्हणजे कटकट मिटेल. दोघांनी तो मानलासुद्धा. माझे मत असे आहे की ज्याला ही गाडी चोरल, पातालपाणी, जानापाव या भागातल्या कच्च्या वाटांवर न्यायची आहे त्याने हा सल्ला मुळीच मानू नये, आणि ज्याला एअर सस्पेन्शन सांभाळायची तयारी नाही त्याने ही गाडीच घेऊ नये.

कारण सांगतो. डिस्कव्हरी ३ (२००४) आणि डिस्कव्हरी ४ (२००९) या दोन्हींच्या चारही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. जिप्सीचा अॅक्सल सलग असल्याने एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तसे होत नाही आणि चाक हवेत लटकते. ही उणीव कंपनीने हवेनेच भरून काढली. गाडी ऑफ-रोड उंचीवर असताना डाव्या आणि उजव्या बेलोंना (स्प्रिंगऐवजी असलेल्या हवेच्या रबरी पिशव्यांना) जोडणारी झडप उघडते, चढलेल्या चाकाकडची हवा लटकलेल्या चाकाकडे जाते आणि ते चाक जमिनीला टेकते. शिवाय नेहमीच्या उंचीवर पोटाखाली १८५ मिलिमीटर जागा असते, ती एका बटणावर २४० मिलिमीटर होते. कॉइल बसवली की उंची कायमची एकच राहते आणि डाव्या-उजव्या बाजूंमधला तो हवेचा दुवा संपतो. म्हणजे पैसे द्यायचे डिस्कव्हरीचे आणि वापरायची एक जड फॅमिली गाडी.

माझ्या २०११ च्या डिस्कव्हरी ४ मध्ये आधीच्या मालकाने कॉम्प्रेसर, म्हणजे बेलोंत हवा भरणारा पंप, दोनदा बदलून घेतला होता. दोन्ही वेळा गॅरेजने नवा कॉम्प्रेसर लावला आणि गळती कुठे आहे हे कोणी पाहिलेच नाही. हवा गळत राहिली की कॉम्प्रेसर ती भरत राहतो, तापतो आणि शेवटी जळतो. जळालेला कॉम्प्रेसर हा आजार नसून आजाराचे लक्षण आहे. मी गाडी सपाट फरशीवर उभी करून सस्पेन्शनचा फ्यूज काढला, चारही चाकांच्या कमानींपासून रिमच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून खडूने मडगार्डवर लिहून ठेवले आणि सकाळी पुन्हा मोजले. तीन कोपऱ्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक होता आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात २२ मिलिमीटरचा. मग साबणाचे पाणी ब्रशने लावले, तेव्हा बेलोच्या खालच्या घडीतून फेस आला. त्या घडीत आपली काळी माती बारीक पुडीसारखी जाऊन बसली होती आणि चाक वर-खाली होताना ती रबर घासत होती. तो बेलो बदलला, कॉम्प्रेसरच्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे बदलले, आणि दोन वर्षे झाली, कॉम्प्रेसरची तक्रार नाही. दर चिखलानंतर गाडी पूर्ण उंच करून बेलोंच्या घड्या पाण्याने धुणे एवढेच पथ्य पाळतो.

महूनिवासी

रामबागकरांनी यंत्रणा अगदी बरोबर समजावली आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी माझ्या डिस्कव्हरी ३ मध्ये कॉइल बसवली आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

ऑगस्ट महिन्यात मंडलेश्वरहून परत येताना, जाम गेटच्या खालच्या घाटात, रात्री साडेनऊला गाडी पुढून बसली. बसली म्हणजे बम्प स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या ठोकळ्यांवर) टेकली, पडद्यावर वेग कमी ठेवण्याची सूचना आली आणि प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळू लागले. सोबत सत्तरीची आई आणि दोन मुले होती. महूपर्यंतचा तो रस्ता आम्ही रांगत पार केला. गळतीचे कारण निघाले पुढच्या बेलोला हवा नेणारी नळी, जी झडपेच्या जोडाजवळ सैल झाली होती. दुरुस्ती किरकोळ होती, पण ती रात्र किरकोळ नव्हती. कुटुंबाला घेऊन रानात जाणाऱ्या माणसाला पंचावन्न मिलिमीटरच्या जादा उंचीपेक्षा न बसणाऱ्या गाडीची गरज जास्त असते.

दुसरे असे की, काही देशांत ही गाडी कंपनीनेच कॉइलवर विकलेली आहे. तेव्हा कॉइल म्हणजे गाडीची विटंबना, असा सूर योग्य नाही. एक चाक लटकले तरी ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतो, आणि ते काम कॉइलवरही तितकेच चांगले होते.

सुदामानगर गॅरेज

मी स्वतः हे काम करतो म्हणून लिहितो. आपण दोघेही साहेब ज्या भागावर वाद घालता आहात, तो या गाडीतला सर्वांत स्वस्त आजार आहे.

डिस्कव्हरीच्या २.७ लीटरच्या डिझेल इंजिनात पट्टे दोन असतात. पुढचा टायमिंग बेल्ट सगळ्यांना माहीत असतो. मागच्या बाजूला हाय प्रेशर डिझेल पंप फिरवणारा दुसरा पट्टा असतो, तो बदलल्याची पावती मला शंभरात एखाद्याच्या फाइलमध्ये सापडते, असे म्हटले तरी चालेल. पट्ट्यांचा ताण धरणारा भाग सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंपाच्या ज्या कवचावर बसवला आहे ते कवच कमकुवत होते आणि ते तुटले की इंजिनच जाते. २.७ काय किंवा ३.० काय, या घराण्यात क्रँकशाफ्ट तुटण्याची तक्रार जगभर आहे. टर्बोचे काम निघाले की बहुतेक वेळा बॉडी चेसिसवरून उचलावी लागते, आणि त्यासाठी लागणारी उंच, मजबूत लिफ्ट प्रत्येक गॅरेजमध्ये नसते.

त्यानंतर इलेक्ट्रिक हँडब्रेक. मागच्या डिस्कच्या आत त्याचे छोटे ड्रम आहेत. चिखलातून आलेली गाडी न धुता उभी केली की माती ड्रममध्ये वाळते, ब्रेक शू घासू लागतात आणि एक दिवस हँडब्रेक लावताना किंकाळीसारखा आवाज येतो. तेव्हाच ड्रम उघडून साफ केले, शू सेट केले तर भागते; दुर्लक्ष केले तर आतली मोटर आणि गिअर जातात.

म्हणून माझा विरोध कॉइलला नाही आणि हवेलाही नाही, तो गाडीच्या निवडीला आहे. इंदुरात बसून ऑफ-रोडसाठी जुनी महागडी गाडी घ्यायची असेल तर टोयोटा प्राडो घ्यावी. तिचे ३.० लीटरचे डिझेल इंजिन आणि २००९ साली भारतात आलेल्या फॉर्च्युनरचे इंजिन एकाच १केडी घराण्याचे आहे. फॉर्च्युनर उघडलेला मिस्त्री आपल्याकडे प्रत्येक वस्तीत मिळतो. डिस्कव्हरीसाठी मात्र मुंबईहून किंवा दिल्लीहून भाग येईपर्यंत गाडी माझ्याकडे जागा अडवून उभी राहते आणि मालक रोज फोन करतात.

रामबागकर

पट्ट्यांचा मुद्दा मी मान्य करतो आणि माझ्या मूळ मजकुरात तो नव्हता ही माझी चूक आहे. पण प्राडोला निर्दोष ठरवणे मला पटत नाही. त्याच १केडी इंजिनात इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरमधून जळालेला वायू गळतो, त्याची काजळी ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी बुजते आणि ऑइल न मिळाल्याने इंजिन बसते. म्हणजे तिथेही वेळेवर वॉशर बदलणारा आणि ऑइलचे चेंबर उघडून जाळी पाहणारा माणूस लागतोच. शिवाय जुन्या प्राडोला बाजारात इतका मान आहे की तितक्याच वयाची डिस्कव्हरी तिच्याहून बरीच स्वस्त मिळते. उरलेल्या पैशांत दोन्ही पट्टे, चारही बेलो आणि एक चांगले निदानयंत्र सहज बसते.

महूनिवासींच्या घाटातल्या रात्रीबद्दल मला मनापासून वाईट वाटले. परंतु त्यांनीच लिहिले आहे की नळी सैल होती. सैल नळीसाठी पूर्ण यंत्रणा उपटून काढावी, हे मला पटत नाही. त्यातून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधन घातले आहे, तेव्हा अपघातानंतर विमा कंपनीने बोट दाखवले तर उत्तर काय द्यायचे, हाही प्रश्न आहेच.

पीथमपूरची नोकरदार

दादा, अडीच टनांची गाडी आपल्या काळ्या मातीत उतरवायची हाच मुळात चुकीचा विचार आहे. पाऊस पडल्यावर ही माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. मग सस्पेन्शन हवेचे असो की लोखंडाचे, वजनच गाडीला खाली ओढते. ज्या फोर्स कंपनीचा कारखाना आपल्या पीथमपूरला आहे तिची गुरखा पाहा : दोन्ही अॅक्सल सलग, पुढे-मागे दोन्हीकडे यांत्रिक डिफरन्शियल लॉक (अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीनेच बसवलेले आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा डिस्कव्हरीइतकीच, ७०० मिलिमीटर. महागडी गाडी घेऊन तिला जपण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा हे बरे.

लोकमान्यनगर

गुरखात बसून आठशे किलोमीटरवरच्या दिल्लीला जाऊन पाहावे, म्हणजे लोक जुनी डिस्कव्हरी किंवा प्राडो का शोधतात हे कळेल. ज्याला एकच गाडी परवडते, त्याला महामार्ग आणि रान दोन्ही त्याच गाडीत हवे असतात.

मला मात्र टायरविषयी कोणी काही लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. डिस्कव्हरीच्या २५५/५५ आर १९ या टायरची बाजूची भिंत १४० मिलिमीटर भरते, प्राडोच्या २६५/६५ आर १७ ची १७२. शोभेसाठी कोणी २७५/४० आर २० घातले असतील तर उरतात फक्त ११०. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या धारदार कपारींवर हवेचा दाब कमी करून जायचे तर ही भिंतच रिमला वाचवते. जुनी गाडी पाहायला गेल्यावर मी आधी रिमचा आकार पाहतो, मग लेदरच्या सीट.

दुसरी चूक नाव आणि आकार पाहून गाडी घेण्याची. फोक्सवागनच्या पहिल्या तुआरेगला लो रेंज (चढ-चिखलात हळू पण जोराने चालवणारे गिअर) आहे. तिच्याच कुळातल्या ऑडीच्या पहिल्या क्यू ७ ला नाही. दोन्ही जुन्या बाजारात शेजारी उभ्या असतात आणि मोठी दिसते म्हणून लोक क्यू ७ घेतात. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचेही तसेच. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना त्या परिसरात बंदी करणारा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, तेव्हापासून अशा गाड्या बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नये.

सुदामानगर गॅरेज

टायरचे बोलणे शंभर टक्के खरे आहे. त्यात एक भर घालतो. गाडी पाहायला जाल तेव्हा मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडायला सांगा. ऑइल दुधाळ, ताकासारखे दिसले तर गाडी नाल्यात उतरली आहे, ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून पाणी आत गेले आहे आणि ते कोणी काढलेले नाही, असे समजा. सनरूफच्या नाल्यांत गाळ अडकला की पाणी पुढच्या गालिच्याखाली उतरते. गालिचा उचलून हात लावून पाहा. मालक प्लग उघडू देत नसेल तर मी गाडीची पुढची तपासणी करत नाही.

महूनिवासी

रामबागकर, गाडी बसली त्या रात्री मला तुमची फ्यूज काढून मोजण्याची रीत माहीत असती तर ती नळी घरीच सापडली असती, हे मी मान्य करतो. तरीही कॉइल काढणार नाही. आईने त्यानंतर दोन वेळा त्याच घाटातून महेश्वरचा प्रवास केला आहे, आणि आता ती गाडीत बसताना मला काही विचारत नाही.