प्लास्टरच्या कामाचा विमा: एजंट म्हणतो पगार नऊ हजार लिहू. लिहू द्यावा का?

ओळंबा_नाशिक

नमस्कार मंडळी. मी गिलाव्याची कामं घेतो. आतलं, बाहेरचं, जिप्सम, जे मिळेल ते. वडील गवंडी होते, त्यांच्या हाताखाली माल कालवत शिकलो. आज माझ्याकडे चार गवंडी आणि पाच बिगारी आहेत. आजवर बंगले आणि दुरुस्त्या केल्या, तिथं विम्याचा कागद कोणी मागितला नाही. आता पाथर्डी फाट्याकडं सात मजली इमारतीचं बाहेरचं प्लास्टर मिळतंय. बिल्डरच्या ऑफिसातून निरोप आला की डब्ल्यूसी पॉलिसीची (कामगाराला अपघात झाला तर मालकाने द्यायच्या भरपाईचा विमा) कॉपी आणा, मगच वर्क ऑर्डर.

एजंटला बोलावलं. माझे गवंडी ९०० हजेरी घेतात, बिगारी ६००. सव्वीस दिवस भरले तर महिन्याला सगळ्यांचे मिळून १,७१,६०० होतात, म्हणजे वर्षाला साडेवीस लाख. त्याने फॉर्मवर सरसकट नऊ माणसं आणि पगार ९,००० लिहिला. वर्षाचे झाले पावणेदहा लाख. म्हणाला, "भाऊ, बिल्डरला कागदच दाखवायचाय ना? मग हप्ता कशाला फुगवता?" दुसरा एक ओळखीचा म्हणतो डब्ल्यूसी नकोच, अपघाताचा ग्रुप विमा घे, स्वस्तात पडतो.

मागच्या पावसाळ्यातलं सांगतो, म्हणजे का विचारतोय ते कळेल. एका बंगल्यावर बांबूची परांची होती. दोन दिवस झड लागली, तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. काथ्या भिजला की आवळतो आणि वाळला की ढिला पडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या सकाळी गाठी तपासल्या नाहीत. बिगारी पोरगा घमेलं घेऊन वर चढला आणि फळीसकट खाली आला. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, पण टाचेचं हाड मोडलं. ७८,००० खर्च आला. बंगलेवाल्याने पाच हजार हातावर ठेवले आणि म्हणाला, माणूस तुमचा आहे. बायकोची बांगडी अजून सोनाराकडंच आहे.

तर फॉर्म भरायचा कसा? आणि गिलावा नंतर पोकळ वाजला, खाली कुणाच्या गाडीवर माल पडला, तर तेही यात येतं का?

सातारी_थापी

विम्याचं जाणकार सांगतील. मी एवढंच विचारतो, सात मजले बांबूवर करणार का? कपलॉक, म्हणजे लोखंडी परांची, भाड्याने घ्या, नाहीतर बिल्डरकडून वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या की परांची त्याची. माणसांना पट्टे द्या आणि पट्ट्याचा हूक परांचीला न अडकवता वेगळ्या दोराला अडकवायला लावा. परांचीला अडकवलेला पट्टा परांचीबरोबरच खाली येतो.

आणि बांगडी आधी सोडवा राव.

हजेरीवही

दादा, फॉर्मवर सही करू नका. मी चिंचवडला राहते. आमच्या ह्यांचं प्लास्टरचंच काम आहे आणि हिशोब मी बघते. आमच्या फॉर्मवरही एजंटने असाच पगार लिहिला होता, आठ हजार. मीच वाचलं होतं आणि मीच म्हटलं होतं, जाऊ दे, हप्ता कमी बसतोय.

२०२३ मध्ये आमचा एक गवंडी पाचव्या मजल्यावरून पडला. मुखेडकडचा होता, वय ३५. जागेवरच गेला.

कामगार भरपाई कायद्याचा हिशोब मी तेव्हा शिकले, आता झोपेतही सांगेन. महिन्याचा पगार धरायचा, पण कमाल १५,००० पर्यंतच. २०२० पासून तेव्हा ती मर्यादा होती. मृत्यू असेल तर त्याच्या निम्मे घ्यायचे आणि वयाप्रमाणे तक्त्यात जो आकडा असतो त्याने गुणायचं. ३५ वर्षांना तो १९७.०६ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६, झाले १४,७७,९५०. विमा कंपनीने मात्र आमच्या फॉर्मवरचा पगार धरला. ४,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ७,८८,२४०. मधले ६,८९,७१० आमच्या अंगावर. हप्त्यात किती वाचवले होते ते मी नंतर कधी मोजलं नाही.

अजून एक गोष्ट, कारण ती आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. दहाव्याला हे त्याच्या गावी गेले आणि माणुसकी म्हणून वडिलांच्या हातात दोन लाख देऊन आले. पावती घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी तिथं कोण मागणार? पण मृत्यूची भरपाई तेव्हा आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, जमा करावी लागायची. परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाईत धरत नाही. फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल दिलेली चालते. ते दोन लाख दिल्याचं आजही वाईट वाटत नाही, पण ते वजा होतील असं धरून आम्ही बसलो होतो. शिवाय महिन्याभरात जमा केलं नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि कारण पटलं नाही तर निम्म्यापर्यंत दंडही. दंड विमा कंपनी भरत नाही.

आम्हाला तारलं कोणी तर हजेरी वहीने. कंपनीचा माणूस आला आणि पहिला प्रश्न हाच, तो त्या दिवशी तुमच्याच कामावर होता कशावरून? वहीच्या पानांना सिमेंट लागून ती चिकटली होती, मी चाकूने सोडवली. त्या सकाळच्या रकान्यात त्याचा अंगठा होता. शनिवारच्या खर्चीसमोरही प्रत्येक वेळी अंगठा. तुमच्याकडे वही नसेल तर आजच दुकानातून आणा. मोबाईलवर लिहिता म्हणू नका, अंगठा मोबाईलवर उठत नाही.

पॉलिसीवाचक

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी विम्याच्या धंद्यातलाच, पण इथं विकत काही नाही.

ओळंबाभाऊ, खरा पगार लिहा. हप्ता पगारावर बसतो, म्हणून तो दुपटीच्या आसपास जाईल. पण वर्ष संपलं की प्रत्यक्ष दिलेल्या पगारावर हिशोब पुन्हा होतो, त्यामुळे पावसात बाहेरचं काम बंद राहिलं तर तेही धरलं जातं. नावं द्यायची गरज नाही. माणसं बदलत राहतात हे कंपनीला माहीत असतं. गवंडी किती, बिगारी किती आणि पगार किती, एवढं पुरतं. कामाच्या रकान्यात मात्र "बाहेरचं प्लास्टर, परांचीवर, सात मजले" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "इमारत दुरुस्ती" लिहिलंत तर भांडण तिथूनच सुरू होतं.

तुमच्या टाचेच्या केसला जे लागलं असतं ते म्हणजे दवाखान्याचा खर्च. कायद्याने तो मालकावर आहे, पण पॉलिसीत बहुतेक वेळा वेगळा मागून घ्यावा लागतो. तो जोडला नाही तर डब्ल्यूसी असूनही ७८,००० तुम्हीच भरले असते. दुसरं, एखादा मजला कुणाला पोटठेक्याने अंगावर देणार असाल तर त्याची माणसंही पॉलिसीत घालून घ्या. नाहीतर ती कुणाचीच नसतात आणि पडल्यावर तुमची होतात. बिल्डर कागद मागतो तोही याचसाठी. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई कामगार बिल्डरकडेही मागू शकतो.

ग्रुप अपघात विमा वाईट नाही, पण तो तुमची कायदेशीर जबाबदारी उचलत नाही. तो डब्ल्यूसीच्या जोडीला घ्यायचा, जागी नाही. माणसांची पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होते, बँकेत खातं असलं की झालं. आणि नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्यांची राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. त्याला तुमचाच दाखला लागतो, तो देताना काचकूच करू नका.

गिलावा पोकळ निघाला तर कुठलीच पॉलिसी तो परत करून देत नाही. आपल्या कामातला दोष आपणच निस्तरायचा. गाडीवर माल पडला, मार्बलला ओरखडे गेले, वाटसरूला लागलं, तर त्याला तिसऱ्या पक्षाचं कव्हर लागतं. ते कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क या बांधकामाच्या पॉलिसीत येतं. बिल्डरने ती पॉलिसी घेतलेली असते बऱ्याचदा. तिच्यात ठेकेदारांचं नाव आहे का ते बघायला मागा.

आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा भरपाई कायदा तिच्यात गेला. पॉलिसीवर फक्त जुन्या कायद्याचं नाव असेल तर एजंटला एक ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या.

ओळंबा_नाशिक

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून आधी वही आणली, दोनशे पानी.

एजंटला फोन केला. खरा पगार, दवाखान्याचा खर्च आणि "परांचीवर सात मजले" हे तिन्ही घालून नवा आकडा काढायला सांगितला. आकडा जवळपास अडीच पट आला. तो म्हणाला विचार करा. मी म्हटलं विचार झालाय, फॉर्म घेऊन ये. मग बिल्डरच्या इंजिनिअरकडं गेलो. स्क्वेअर फुटाला दोन रुपये वाढवून मागितले, कपलॉक त्यांचा म्हणून लिहून मागितलं. दीड रुपया दिला. कपलॉकचं सोमवारी सांगतो म्हणाला.

टाच मोडलेला पोरगा आता चालतो, पण वर चढायला नको म्हणतो. त्याला खाली मिक्सरवर ठेवलाय. वहीत पहिला अंगठा त्याचाच घेतला.

हजेरीवही

तारीखही घाला अंगठ्यासमोर. आमच्या दोन पानांवर नव्हती.